मदत हवी आहे: खाऱ्या पाण्यातून तिवराला पाणी मिळतं कसं?

नमस्कार मंडळी,

आठवीतल्या भाचीला परासरण (पातळ पटलातून होणारी पाण्याची ये-जा) शिकवतोय. बटाट्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकल्या, त्या मऊ पडल्या. पेशीतलं पाणी जास्त क्षारांच्या बाजूला जातं हे तिला पटलं; बहिःपरासरण (पाणी पेशीबाहेर जाणं), रससंकोच (त्यामुळे पेशीतला रस आकसणं) सगळं समजलं. लगेच प्रश्न आला, "मामा, मग ऐरोलीच्या खाडीतली तिवराची, म्हणजे खारफुटीची, झाडं वाळत का नाहीत?"

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तिवराच्या पानांवर मिठाचे कण दिसतात, पानं जादा क्षार बाहेर टाकतात, हे मला माहीत आहे. पण ती झाली आत आलेल्या मिठाची विल्हेवाट. मुळात पाणी उलट दिशेने मुळांत शिरतं कसं? झाड ऊर्जा खर्चून पाणी खेचतं का? "झाडाने परिस्थितीशी जुळवून घेतलंय" एवढंच सांगितलं तर ती विचारायचं थांबेल, आणि ते मला नकोय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
पाणी उलट दिशेने जातच नाही, नियम बटाट्याचाच आहे. तिवराच्या पेशींतलं द्रावण समुद्राच्या पाण्याहूनही दाट असतं. सोडियम आणि क्लोराइड रिक्तिकेत (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत) कोंडलेले असतात, कारण पेशीद्रवात, म्हणजे तिच्या बाहेरच्या द्रवात, ते वाढले तर विकरांचं (एन्झाइम्सचं) काम बिघडतं. पेशीद्रवात त्यांच्या जागी ग्लायसीन बीटेनसारखे निरुपद्रवी पदार्थ साठवून तोल राखला जातो. क्षार रिक्तिकेत ढकलायला झाडाची ऊर्जा खर्च होते.

पाणी वर ओढायला मात्र होत नाही. बाष्पोच्छ्वासामुळे, म्हणजे पानांतून पाण्याची वाफ होऊन गेल्यामुळे, जलवाहिन्यांतलं पाणी ताणलं जातं, ते काम उन्हाचं. समुद्राच्या पाण्याची परासरणी ओढ वातावरणाच्या दाबाच्या साधारण २५ पट असते. शोलँडर या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाबकक्ष (फांदीवर दाब देऊन आतला ताण मोजायचं उपकरण) वापरून खारफुटीतला ताण मोजला, तो त्याहून जास्त निघाला. म्हणून पाणी मुळांच्या पटलांतून आत येतं आणि बहुतेक क्षार बाहेरच अडतात.

धागाकर्ता
मनापासून आभार! तिचा पुढचा प्रश्न तयारच आहे: पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, तेव्हा इतक्या दाट पेशी पाणी पिऊन फुटत कशा नाहीत?

प्रतिसाद २
पेशीभित्तिकेमुळे. पाणी आत येईल तसा पेशीतला दाब वाढतो, भित्तिका तो पेलते आणि तो पुरेसा वाढला की आणखी पाणी शिरत नाही. भाचीला मऊ पडलेल्या फोडी आता साध्या पाण्यात ठेवायला सांगा. त्या पुन्हा ताठ होतील, पण फुटणार नाहीत. फक्त मिठाच्या पाण्यात फार वेळ राहिलेल्या नकोत, पेशी मेल्या असतील तर त्या ताठ होत नाहीत.