साल्हेर आणि साल्होटा एकाच दिवसात : मोठ्या बॅचसाठी हा बेत बंद करावा का?

तापीकाठ (शिरपूर)

मित्रांनो, आधी मागच्या डिसेंबरात काय झालं ते सांगतो, मग माझं मत, पटलं नाही तर खुशाल भांडा. धुळ्याहून एका ग्रुपच्या बसने गेलो होतो, आम्ही ४६ जण, पोस्टरवर मोठ्या अक्षरात 'एका दिवसात साल्हेर आणि साल्होटा', म्हणजे बागलाणातले शेजारशेजारचे दोन किल्ले. सोबत माझी भाची, सेकंड इयरला आहे, चालायला दणकट, आधी लळिंग आणि पिसोळ हे किल्ले केलेले. साक्री, पिंपळनेर, सेलबारी घाट, ताहराबाद, मुल्हेर करत पायथ्याच्या वाघांब्याला पोचायलाच साडेनऊ झाले, मग चहा-पोहे, मग ओळख-पाळख, मग फोटो, पाय उचलले ते सव्वादहाला.

साल्हेर मस्त झाला, त्याबद्दल तक्रारच नाही. कातळातल्या पायऱ्या, एकामागोमाग दरवाजे, गुहांसमोरून जाणारी आडवी वाट, गंगासागर तलाव आणि टोकाला परशुरामाचं देऊळ. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, समोर मांगी-तुंगीची जोडी दिसली की माणूस घड्याळ विसरतो आणि तेच झालं. दोन्ही किल्ल्यांमधल्या खिंडीत परत आलो तेव्हा साडेतीन. मी म्हटलं आता खाली जाऊ, तर लीडर म्हणाला एवढ्या लांबून आलोय, लोकांनी पैसे भरलेत, पटकन साल्होट्यावर जाऊन येऊ.

चढताना काही वाटलं नाही. उतरताना साडेपाच झालेले, ऊन कड्यामागे गेलेलं, पायऱ्यांवर मुरूम आणि बाजूला वाळलेलं गवत. भाची एका पायरीवर दरीकडे तोंड करून बसली ती उठेचना, पाय लटलट कापत होते. उजव्या मुठीत गवताचा झुपका धरलेला आणि तो मुळापासून सैल होत होता, मी खालच्या पायरीवरून बघत होतो, मुळांतली माती तिच्या मनगटावर पडत होती. लीडर सगळ्यात पुढे, मागे ग्रुपचं कोणीच नाही. शेवटी गावातला एक पोरगा वर आला, तिच्या बुटाच्या टाचेखाली आपला तळहात लावला आणि म्हणाला "ताई, डोंगराकडे तोंड करा, खाली बघू नका, मी सांगतो तिथे पाय ठेवा." अशा वीस-पंचवीस पायऱ्या उतरवल्या. ४६ जणांत टॉर्च होत्या ९, मी मोजल्या. वाघांब्यात पोचलो सव्वाआठला.

माझं म्हणणं एवढंच की १२-१५ पेक्षा मोठी बॅच असेल तर एका दिवसात दोन्ही किल्ले पोस्टरवर लिहूच नका. आणि दुपारी दीडला जिथे असाल तिथून परत फिरायचं, मग शिखर शंभर फुटांवर का असेना.

ढोलीबारा (नंदुरबार)

भाऊ, तुन्हं अर्धं पटनं, अर्धं नही पटनं. भाचीला काही झालं नाही हे देवाचं. पण एका ग्रुपच्या ढिसाळपणावरून सगळ्यांना नियम लावणं मला चुकीचं वाटतं. आमच्याकडे धनत्रयोदशीला अस्तंब्याची यात्रा असते, साधारण १३२५ मीटरचा डोंगर, तळोद्याकडून हजारो माणसं रात्रीची चढतात, म्हातारे असतात, बाया असतात, गुजरात-मध्यप्रदेशातून आलेले असतात, कुणाकडे हार्नेस (कमरेचा पट्टा) नाही की हेल्मेट नाही. मी बारा वर्षांचा असल्यापासून जातो. पायाला डोंगराची सवय हवी, ती घड्याळ लावून येत नाही. पोरांना जरा भीती वाटू द्या, थोडं खरचटू द्या, नाहीतर ही पिढी रेलिंग धरूनच चालेल.

आणि १२-१५ चा आकडा कुठून आणला? लहान ग्रुप म्हणजे माणशी खर्च डबल. शिरपूर-शहाद्याच्या कॉलेजच्या पोरांना बसचेच पैसे जड जातात, त्यांनी डोंगर बघूच नये का?

चाळीसगावकर

ढोलीबारा भाऊ, अस्तंबा आणि साल्होटा एका तराजूत तोलू नका. यात्रेत वाट पिढ्यान्‌पिढ्या तुडवलेली असते, पुढे-मागे माणूस असतं आणि जाणारा श्रद्धेने जातो, त्याला वरून रील टाकायची घाई नसते. साल्होट्याच्या पायऱ्या अरुंद, झिजलेल्या, एकाने दगड सोडला तर खालच्या दहा जणांच्या डोक्यावर. ४६ माणसं एका घळीत एकाखाली एक उभी करणं हाच खरा धोका आहे.

पण तापीकाठ, तुमच्या दीडच्या नियमाआधी एक साधी गोष्ट, साल्होटा आधी का नाही करत? खिंडीत पोचल्यावर पाय ताजे असतात, कातळ अजून तापलेला नसतो, अवघड ते सकाळी उरकायचं. साल्हेर मोठा असला तरी वाट मोकळी आहे, थकलेल्या पायांना तो माफ करतो, साल्होटा करत नाही. आम्ही पाटणादेवीहून कन्हेरगड करतो तेव्हाही हाच हिशोब, घसाऱ्याचं काम सकाळी, लेणी निवांत नंतर.

तापीकाठ

हे पटलं. खरंच डोक्यात आलं नव्हतं, सगळे साल्हेर आधी करतात म्हणून आपणही. पण संख्येवर मी ठाम आहे.

दोरवाला (जळगाव)

सगळे वेळेवर आणि संख्येवर बोलतायत, दोराचं कोणी बोलत नाही. मी दहा वर्षं क्लाइंबिंग करतो. अशा ठिकाणी ग्रुपकडे ३० मीटरचा चांगला दोर, तीन-चार स्लिंग (मजबूत पट्ट्या), कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या) आणि ते वापरता येणारी दोन माणसं असलीच पाहिजेत, नसतील तर कातळटप्प्यावर लोकांना नेऊच नये. भाचीला त्या जागी हार्नेस आणि वरून बिले, म्हणजे दोर धरून सांभाळणारा माणूस, असता तर पाच मिनिटांचं काम होतं, गावच्या पोराला स्वतःचा जीव धोक्यात घालून खाली उभं राहावं लागलं नसतं.

ढोलीबारा

दोर म्हटला की माझा सगळ्यात जास्त विरोध. एका किल्ल्यावर मी डोळ्यांनी बघितलंय, झुडपाला नायलॉनचा दोर बांधलेला आणि सात जण एकाच वेळी त्याला लोंबकळतायत, एक जण घसरला की बाकी सहा हलतात. दोर दिसला की माणूस पायावरचं लक्ष काढून हातावर देतो. दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय, कोणत्याही क्षणी तीन ठिकाणी डोंगराला चिकटलेलं असलं पाहिजे, हे आधी शिकवा.

दोरवाला

तुम्ही जे बघितलं तो दोराचा दोष नाही, बांधणाऱ्याचा आहे, आणि त्याची चीड मला तुमच्याइतकीच येते. झुडपाला कधीच बांधायचं नसतं. आपल्याकडचा बेसाल्ट वरून भक्कम दिसतो पण कितीतरी दगड नुसते मुरमात रुतलेले असतात, हाताने ठोकून बघायचे, पोकळ आवाज आला तर हात लावायचा नाही. दोन वेगवेगळ्या जागी अँकर (दोर बांधायचा पक्का आधार), एका वेळी एकच माणूस, वर बिले देणारा बसलेला, खाली कोणी उभं नाही. तीन ठिकाणी चिकटून राहायचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं, मीही पहिल्या दिवशी तेच शिकवतो. पण ज्याचे पाय कापायला लागले त्याला त्या क्षणी शिकवता येत नाही, त्याला फक्त पकडता येतं.

निंबाचीसावली (भुसावळ)

मी नर्स आहे म्हणून वेगळं सांगते. तुम्ही सगळे कड्याबद्दल बोलताय, पण आपल्या भागात माणसाला आधी ऊन पाडतं. मार्च लागला की काळा कातळ तव्यासारखा तापतो, ऑक्टोबरातही तेच, आणि तेव्हा तर गवत हिरवं असतं म्हणून लोक फसतात. भाचीचे पाय कापत होते ते नुसत्या भीतीने असेल असं मला वाटत नाही. दादा, तिने दिवसभरात पाणी किती प्यायलं होतं? मीठ-साखर काही पोटात गेलं होतं का? सात तास चालून एक लिटर पाणी आणि दोन वेफरची पाकिटं खाल्ली तर मांड्यांत गोळे येणारच. माणशी चार लिटर पाणी, ओआरएस, दशम्या, गूळ-शेंगदाणे. बोलणं असंबद्ध झालं, माणूस चिडचिड करायला लागला, अंग तापलेलं लागलं की ट्रेक तिथेच संपला, सावलीत बसवा, कपडे ओले करा, वारा घाला आणि लगेच दवाखान्याची व्यवस्था बघा.

आणि आग्या मोहोळाचं कोणीच लिहिलं नाही. कड्यांना पोळी असतात, तिथे सेंट मारून जाऊ नका, आरडाओरडा नको, धूर नको. सपाटीवर माणूस पळू तरी शकतो, पायऱ्यांवर पळणार कुठे?

तापीकाठ

ताई, विचारलं तिला आत्ता. दीड लिटर पाणी आणि सकाळचे पोहे, बस. मामा म्हणून ही माझी चूक, मी डबा बघायला पाहिजे होता.

चाळीसगावकर

परतीचा प्रवास पण या हिशोबात धरा. २०२५ च्या दिवाळीत अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांची गाडी चांदशैली घाटात कोसळली आणि माणसं गेली. तिथे नेमकं काय चुकलं त्यावर मी बोलणार नाही, पण रात्री सव्वाआठला वाघांबं सोडणारी बस सेलबारी उतरून धुळ्याला कधी पोचणार, आणि तो ड्रायव्हर पहाटे कितीला उठलेला असणार? उशीर डोंगरावर झाला तरी त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागू शकते.

त्यात २०२५ च्या जुलैपासून, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत इतर ११ किल्ल्यांबरोबर साल्हेर आल्यापासून, गर्दी वाढलीय. १६७२ ची लढाई जिथे झाली ते मैदान वरून नीट बघायचं तर अर्धा दिवस लागतो. गुहेत मुक्काम करा, सूर्योदय बघा. दोन किल्ले उरकण्यासाठी धावत सुटायचं मला तरी समजत नाही.

ढोलीबारा

मुक्कामाला शंभर टक्के पाठिंबा. आणि गाडीचा मुद्दा मान्य, चांदशैलीचं आठवलं की अजून पोटात कालवतं, आमच्या भागातली माणसं होती ती. पण संख्येचं अजूनही नाही पटत. ४० पोरं आणा, पण १०-१० च्या चार तुकड्या करा, प्रत्येकीला पुढे एक मागे एक माणूस, अर्ध्या तासाच्या अंतराने सोडा. बसचं भाडं वाटून जाईल, गरिबाचं पोरगं पण येईल. मोठी बॅच वाईट नसते, सांभाळायला माणसं नसलेली बॅच वाईट.

तापीकाठ

साल्हेरला तुकड्या चालतील, मान्य. साल्होट्यावर नाही. चौथी तुकडी चढत असताना पहिली उतरत असणार, त्या पायऱ्यांवर दोन माणसांना एकमेकांना ओलांडायला जागा कुठे आहे? तिथे कोणीतरी कडेला सरकणारच, आणि कडेला तेच गवत आहे.

ढोलीबारा

ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. मग ४० जणांनी फक्त साल्हेर करावा, साल्होट्याला लळिंग, भामेर, पिसोळ पार केलेले दहाच न्यावेत.

खिंडीखालचा (वाघांबं)

नमस्कार. तुमची चर्चा गावातल्या पोरांनी वाचून दाखवली. पावसाळा संपला की पायऱ्यांत माती भरते, गवत माजतं, आम्ही विळ्याने जमेल तेवढं काढतो. बसवाले गाडी लावतात, पाणी भरतात, पण सोबत गावचा माणूस घ्या म्हटलं तर म्हणतात आमच्याकडे मोबाईलवर मॅप आहे. कोणती पायरी हलते ते मॅपमध्ये नाही. दहा माणसांमागे गावातला एक घ्या, तो मागे राहील. आणि दहा वाजता येऊ नका, आदल्या रात्री या. भाकरी, पिठलं, ठेचा घरी होईल, झोपायला ओटा आहे. पहाटे साडेपाचला निघालो तर दहाच्या आत साल्होटा उतरून खिंडीत.

तापीकाठ

दादा, त्या दिवशी वर आलेला पोरगा तुमच्याकडचाच, त्याला माझा नमस्कार सांगा. भाची म्हणते मामा मला परत जायचंय, त्या पायरीवर उभं राहायचंय. जानेवारीतला दुसरा शनिवार-रविवार धरतो, दोन गाड्या, जास्तीत जास्त दहा जण, साल्होटा आधी, दीडला परत. दोरवाला, तुम्ही दोर घेऊन येताय का? निंबाचीसावली ताई, जमलं तर तुम्ही पण या.

दोरवाला

येतो. हेल्मेट माझ्याकडे सहा आहेत, चार कोणीतरी बघा.

ढोलीबारा

चार मी आणतो.

खिंडीखालचा

गुरुवारपर्यंत माणसं किती ते कळवा. खाली रेंज नसते, फोन लागला नाही तर मुल्हेरच्या बाजारात येणाऱ्या कोणाकडेही निरोप द्या.