सकाळचं चालणं : किती जोरात?

ए-२०४ काका : रोज ६,००० पावलं होतात, तरी काल डॉक्टर म्हणाल्या, "काका, ही शतपावली झाली, व्यायाम नव्हे." मग व्यायाम म्हणायचं कशाला?

सी-५०१ ताई (फिजिओथेरपिस्ट) : काका, पावलं नका मोजू, दम बघा. चालताना बोलता यायला हवं, पण गाता येता कामा नये. तो मध्यम व्यायाम. चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावं लागलं, की जोराचा. परवा तुम्ही नि बी-१०३ चे आजोबा अख्खा अभंग म्हणत फेरी मारत होतात, मी गॅलरीतून ऐकला. फार गोड, पण वेग कमी होता.

बी-३०३ : १०,००० पावलं लागतात ना?

ताई : तो आकडा १९६५ साली जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते ते असं : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, नाहीतर ७५ ते १५० मिनिटं जोराचा. शिवाय दोन दिवस स्नायूंसाठी.

ए-१०२ काकू : माझं झाडू-पोछा, दोनदा तिसरा मजला चढणं धरायचं का गं?

ताई : दम लागत असेल तर नक्की धरा, काकू. सलग १० मिनिटंच हवीत ही जुनी अट आता नाही.

काका : घड्याळात नाडी ९५ च्या वर जातच नाही. २२० वजा माझं वय ६८ म्हणजे १५२, ही जास्तीत जास्त नाडी, मध्यमसाठी त्याच्या ६४ टक्के तरी हवी, म्हणजे ९७. अजून जोर लावू?

ताई : थांबा काका! बीपीची गोळी कुठली?

काका : मेटोप्रोलॉल.

ताई : ती गोळीच नाडी वाढू देत नाही. त्या ९७ च्या मागे लागून जीव दमवू नका, प्लीज. तुमच्यासाठी दम हीच खूण. छातीत दाटलं, जबडा किंवा हात दुखला, घेरी आली, तर जागीच थांबा आणि लगेच कोणाला तरी हाक मारा. आणि पासष्टीनंतर तोल सांभाळायचे व्यायामही हवेत, आठवड्यातून तीनदा. कट्ट्याला हात लावून एका पायावर उभं राहायचं. उद्या सहाला दाखवते.

(दुसऱ्या दिवशी)

काका : आज अभंग दुसऱ्या ओळीतच तुटला. मग अर्धी फेरी हळू, पुन्हा वेग. घड्याळात ९२ च होते. डाव्या पायावर चार सेकंदही टिकलो नाही, उजव्यावर बारा.

ताई : मग उद्या डाव्यापासून सुरू करू.