मदत हवी आहे: दुसऱ्या फॉर्ममधून मुख्य फॉर्मवरची यादी बदलत नाही

नमस्कार मंडळी,

बाबांच्या दुकानाची उधारीची वही संगणकावर आणायला घेतली आहे. सी शार्प भाषा, विनफॉर्म्स (विंडोजवर फॉर्म, म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडक्या, बनवायची सोय), व्हिज्युअल स्टुडिओ २०२२. मुख्य फॉर्मवर ग्रिडमध्ये गिऱ्हाइकांची यादी आहे, 'नवीन गिऱ्हाईक' दाबलं की दुसरा फॉर्म उघडतो. तिथे नाव भरून 'जतन करा' केलं की नोंद डेटाबेसमध्ये बरोबर जाते, पण मागची यादी आहे तशीच. प्रोग्रॅम बंद करून उघडला की नाव दिसतं. एरर एकही नाही.

दुसऱ्या फॉर्ममध्ये मी 'न्यू' वापरून मुख्य फॉर्मचा ऑब्जेक्ट बनवला आणि त्याची यादी भरायची मेथड बोलावली. ब्रेकपॉइंट लावून, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच थांबवून, पाहिलं तर डेटाटेबलमध्ये ४१ ओळी, स्क्रीनवर मात्र ४०च. तेव्हा कळलं, 'न्यू'ने वेगळाच फॉर्म तयार होतोय, तो कधी दाखवलाच जात नाही. मेथड स्टॅटिक (ऑब्जेक्टशिवाय बोलावता येणारी) केली, तर कोडमध्ये ग्रिडच्या नावाखाली चुकीची लाल रेघ.

दुसरा फॉर्म शोडायलॉगने उघडून, त्यातून ओके परत आलं की मुख्य फॉर्मनेच यादी पुन्हा भरायची, हे मला सगळ्यात स्वच्छ वाटतं. पण मग मागचा फॉर्म अडून राहतो, आणि बाबांना नाव लिहिताना जुनी यादी वर-खाली करून बघायची असते, एकाच आडनावाची बरीच गिऱ्हाइकं आहेत.

म्हणजे साधा शो (मागचा फॉर्म न अडवता उघडणं) आणि दुसऱ्या फॉर्मवर स्वतःचा इव्हेंट ('जतन झालं' अशी सूचना), हाच मार्ग का? की दुसरा फॉर्म बनवतानाच त्याच्या कन्स्ट्रक्टरमधून 'धिस', म्हणजे हाच मुख्य फॉर्म, पाठवलेला पुरेल? इव्हेंट असेल तर हँडलर (इव्हेंट आल्यावर चालणारी मेथड) शोच्या आधी जोडायचा ना? चार ओळींचं उदाहरण दिलंत तर फार मदत होईल.