लाल-करड्या पट्ट्यांचा जड दगड: जांभा की अकीक?

मीनल_सावंतवाडी:
गोव्यात डिचोलीजवळ नणंदेच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) बांधासाठी आणलेल्या दगडांत हा मिळाला. मुठीपेक्षा थोडा मोठा. एक पट्टा मातकट लाल, पुढचा पोलादी करडा, थोडा चकाकणारा. असे बोटाएवढ्या जाडीत सात-आठ पट्टे. भावोजी म्हणतात जांभा, लेक म्हणते अकीक. मी सातवीला विज्ञान शिकवते, वर्गात दाखवायचा आहे. काय म्हणून दाखवू?

भटक्या_सह्याद्री:
जास्पर वाटतोय, म्हणजे लाल गारगोटीचा प्रकार. पॉलिश करून घ्या, झकास दिसेल.

खाणीतला_काका:
ताई, पॉलिश मुळीच करू नका, आहे तसाच वर्गात न्या. लाल पट्ट्यांत जास्पर असू शकेल, पण अख्खा दगड जास्पर नाही. गोव्याच्या खाणींवर भूवैज्ञानिक म्हणून माझी नोकरी गेली. आम्ही याला ‘बीएचक्यू’ म्हणायचो, म्हणजे बँडेड हेमाटाइट क्वार्टझाइट, लोहखनिज आणि गारेचे आलटून पालटून पट्टे असलेला खडक. तरी फोटोवर विसंबू नका, हातात घेऊन तपासा.

टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर करडा पट्टा घासा. रेघ विटकरी लाल आली तर हेमाटाइट, काळी आली तर मॅग्नेटाइट, पिवळट तपकिरी आली तर गोएथाइट. तिन्ही लोहाचीच खनिजं. दगडाच्या रंगापेक्षा रेघेच्या रंगावर भरवसा ठेवा. लाल पट्ट्याच्या कडेने काच ओरखडली गेली, तर तिथे सिलिका, म्हणजे गारगोटीचं द्रव्य, आहे. लोहचुंबकही लावून बघा, आणि किचनच्या काट्यावर वजन करा. अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका, पाण्याच्या २.६ पट जड. हेमाटाइट ५.२ पट.

जांभ्याची गोष्ट वेगळी. जांभा पावसाने खडक कुजून झाला. त्याला भोकं असतात, असे सरळ पट्टे नसतात. तुमचा दगड समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालाय, तोही अडीच अब्ज वर्षांहून आधी. तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. त्यामुळे समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांतून आलेलं लोह पाण्यात विरघळून राहायचं. पुढे सूक्ष्मजीवांमुळे त्याचं ऑक्सिडीकरण होऊन ते गंजासारखं तळाशी बसलं. सिलिकाही भरपूर साचायची, कारण ती वापरून कवच बांधणारे डायटम शेवाळासारखे सूक्ष्म जीव अजून जन्मले नव्हते. दोन्ही आलटून पालटून का साचले, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, आणि मुलांना तेही जरूर सांगा. ऑस्ट्रेलियाच्या हॅमर्सली डोंगररांगेत आणि आपल्या गडचिरोलीत सुरजागडलाही याच कुळातले खडक आहेत.

गोव्यात पुढे पावसाने या खडकातली बरीच सिलिका धुऊन नेली. मागे लोह उरलं, तेच आपलं ओअर, म्हणजे खाणीतून काढायचं लोहखनिज. हाताने चुरडता येईल इतकं भुसभुशीत ओअर मी खाणीत पाहिलंय, आणि त्यातही मूळचे पट्टे स्पष्ट दिसायचे. सिलिका टिकलेला कडक बीएचक्यू मात्र त्या काळी नको असलेला माल म्हणून डंपवर, म्हणजे खाणीच्या टाकाऊ ढिगावर, जायचा. मला तो ओअरपेक्षा मोलाचा वाटतो, कारण समुद्राची मूळ नोंद त्यातच शाबूत आहे.

मीनल_सावंतवाडी:
काका, सगळं केलं! रेघ विटकरी लाल. लाल पट्ट्याने काच ओरखडली. चुंबक अगदी हलका ओढला जातो. वजन ६३० ग्रॅम. काठोकाठ भरलेल्या पातेल्यात दगड सोडला तर १८० मिली पाणी सांडलं.

खाणीतला_काका:
फार छान. ६३० भागिले १८० म्हणजे ३.५. अकीक बाद. दगडात फक्त सिलिका आणि हेमाटाइट आहे असं धरलं, तर आकारमानाने सुमारे एकतृतीयांश हेमाटाइट आणि वजनाने जवळपास निम्मं. हेमाटाइटमध्ये ७० टक्के लोखंड, म्हणजे तुमच्या दगडात ३४ टक्क्यांच्या आसपास. बीएचक्यूला अगदी साजेसा आकडा. चुंबक हलका ओढला जातो कारण मॅग्नेटाइट थोडं उरलंय. बाकीच्याचं काळाच्या ओघात हेमाटाइट झालं.

पातेल्याचा प्रयोग मुलांकडूनच करून घ्या, सातवीला घनता जमते. आणि दगडाला कुळागराचं ठिकाण आणि तारीख लिहून चिठ्ठी बांधा. ठिकाण माहीत नसलेला नमुना आमच्या कामाचा नसतो.

भटक्या_सह्याद्री:
पॉलिशचा सल्ला मागे घेतो. काका, सिंधुदुर्गात रेडीच्या बाजूला असे दगड मिळतील का?

खाणीतला_काका:
मिळतील. तिथेही लोहखनिजाची खाण आहे. खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका, बाहेर रस्त्याकडेच्या खडीत शोधा. हातात घेतल्यावर वजनानेच ओळखू येईल.