मदत हवी आहे: टॉवेल कारखान्यात रॅपिअर घेण्याआधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून बघता येईल का?

नमस्कार मंडळी, आमचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, सगळे जुने शटल लूम. त्यातले काही काढून रॅपिअर (शटलशिवाय चालणारे फास्ट माग) घ्यायचं चाललंय. कर्ज मोठं आहे त्यामुळे बाबा म्हणतात आधी पक्कं सांग माल किती वाढेल, आणि मला ते छातीठोकपणे सांगता येत नाहीये.

कारण नुसतं लूम फास्ट झालं म्हणजे झालं असं नाही ना. रॅपिअरला बाणा (आडवा धागा) थेट सुताच्या मोठ्या कोनवरून जातो, कांडी (शटलमध्ये बसणारी धाग्याची छोटी नळी) लागतच नाही, म्हणजे कांडी भरणाऱ्या बायकांचं काम गेलं. त्यांच्या कानावर गेलंय आणि रोज एकच प्रश्न, "दादा, आमचं काय?" दुसरीकडे शटलवर टॉवेलची बाजूची किनार विणतानाच बंद होते, रॅपिअरवर कडेला धागे सुटे राहतात, ते कापून दुमडून शिवावं लागतं. म्हणजे शिलाईवर लोड वाढणार, आणि शिलाईत आत्ताच ढीग पडलेला असतो!

तर हे सगळं आधी व्हर्च्युअल कारखान्यात चालवून बघायचंय. फुकट सॉफ्टवेअर कोणतं? डेटा काय काय गोळा करू? एक्सेल बऱ्यापैकी येतं, कोडिंग शून्य.

---

प्रतिसाद १: जामसिम बघा, फुकट आहे, माऊसने ओढून मांडता येतं. सिमपाय पण फुकट पण त्याला पायथन लागतं. एनीलॉजिकची फुकट आवृत्ती शिकण्यापुरती आहे, धंद्याला वापरू नका. डेटा घेताना नुसती सरासरी घेऊ नका हो, सगळे तिथंच फसतात. धागा तुटून लूम किती वेळा थांबतं, दर वेळी किती मिनिटं, बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ संपल्यावर (तुमच्याकडे तर पाईलचा, म्हणजे टॉवेलच्या फुगीर लूपचा वेगळा, ग्राउंडचा, म्हणजे खालच्या कापडाचा वेगळा) नवा चढवून गाठी मारायला किती वेळ, लाईट जाते ती वेगळी, हे वहीत लिहायला जॉबरलाच (लूम बघणाऱ्या मिस्त्रीला) सांगा. मग आधी आहे तोच कारखाना मांडा आणि मागच्या महिन्याच्या उत्पादनाशी ताळा जुळतो का बघा. तो जुळल्याशिवाय रॅपिअरला हात लावू नका.

धागाकर्ता: भारी, धन्यवाद. कांडीवाल्या बायकांनाच शिलाईवर घ्यायचं डोक्यात आहे, पण त्यांना हात बसायला वेळ लागणार, तो मॉडेलमध्ये कसा धरायचा?

प्रतिसाद २: पहिले काही आठवडे त्यांचा वेग निम्मा धरा, मग हळूहळू वाढवा. आणि एकदाच चालवून आकडा घेऊ नका, तेच मॉडेल वीस-तीस वेळा चालवा, प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येईल, बाबांना त्यातलं सगळ्यात वाईट पण दाखवा, कर्जाचा हप्ता त्यात बसतो का ते कळेल. पीसरेटवर असतील तर शिकेपर्यंत त्यांना रोजावर ठेवा, नाहीतर स्क्रीनवर सगळं छान दिसेल आणि पगाराच्या दिवशी भांडणं होतील.

धागाकर्ता: पीसरेटच आहे. रोजाचं आज बाबांशी बोलतो. जामसिम डाउनलोडला लावलंय, अडलो की इथंच विचारतो.