पंधरा जणींची यादी वाचायची कशी? (महिला विश्वचषक २०२५)

माधवनगर_फाटा | २१ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

मंगळवारी विश्वचषकाचा संघ जाहीर झाला. त्याच दुपारी पुरुषांचा आशिया चषकाचा संघही आला, त्यामुळे आमच्या ऑफिसात दिवसभर गिल उपकर्णधार आणि श्रेयस बाहेर यावरच हमरीतुमरी. महिला संघाबद्दल एकच वाक्य कानावर पडलं, "शफालीला काढलं? वेडेबिडे झालेत का?" आणि मंडळी परत श्रेयसकडे वळली.

मी सांगलीचा. स्मृती मानधनाची मॅच असली की घरात रिमोटला कुणी हात लावत नाही. पण संघनिवड म्हणून काही कळतं का, तर नाही. वडिलांचं म्हणणं, संघ म्हणजे पहिल्या अकरा, उरलेल्या चौघी पाणी न्यायला. मला पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

तर जाणकारांनो, बारा ते पंधरा नंबरच्या जागा कशावर ठरतात? सलामीला शफाली वर्माऐवजी प्रतिका रावल हे बरोबर की चूक? आणि राधा यादव एकदिवसीयमध्ये नियमित खेळतही नाही, तिला का घेतलं? कृपया "बीसीसीआयचं राजकारण" एवढंच लिहून जाऊ नका, ते ऑफिसात फुकट मिळतं.

---

झणझणीत | २१ ऑगस्ट, रात्री १०.०२

शफाली हवी होती. कसोटीत द्विशतक काढलेली पोरगी आहे. १९ वर्षांखालचा पहिला विश्वचषक तिच्या कप्तानीत आला. समोरची टीम तिला घाबरते, प्रतिकाला कोण घाबरतंय? बाकी चर्चा तुम्ही करा.

---

वहीवाली | २२ ऑगस्ट, सकाळी ७.१५

फाटा, वडिलांना सांगा, पाणी न्यायला निवड समितीची बैठक लागत नाही.

मी पुण्यात मुलींच्या सामन्यांचं स्कोअरिंग करते. कुठल्याही मोठ्या स्पर्धेची यादी आली की वहीच्या मागच्या पानावर अकरा नावं एकाखाली एक लिहायची आणि प्रत्येक नावासमोर एकच प्रश्न: ही उद्या सकाळी घोटा धरून बसली, तर कोण? नाव सुचलं तर लिहायचं. रकाना कोरा राहिला तर यादी तिथे भोकाची आहे. संघातल्या सगळ्यात चांगल्या पंधरा जणी हा हिशेबच नसतो. अकरा जणी आणि त्यांची राखण, असा तो हिशेब असतो.

आता ही यादी बघा. अकरा नावं जवळपास ठरलेली आहेत. स्मृती, प्रतिका, हरलीन, हरमनप्रीत, जेमिमा, दीप्ती, रिचा, अमनजोत, स्नेह राणा, श्री चरणी आणि क्रांती गौड किंवा रेणुका. वेगवान गोलंदाजीत कोरा रकाना नाही: रेणुका, क्रांती, अरुंधती, तिघी एकमेकींच्या जागी चालतात. क्रांतीने गेल्याच महिन्यात चेस्टर-ली-स्ट्रीटला इंग्लंडच्या ५२ धावांत ६ काढल्या, म्हणजे ती आता बदलीही राहिलेली नाही. स्नेह किंवा चरणी पडली तर राधा. अमनजोतसमोर मात्र मला नाव लिहिता आलं नाही. पूजा वस्त्रकार दुखापतीत अडकली नसती तर तिचं लिहिलं असतं.

खरी अडचण वरच्या फळीत आहे. रिचा पडली तर यास्तिका. ठीक. स्मृती किंवा प्रतिका पडली तर? परत यास्तिकाच, कारण मुंबई इंडियन्सकडून ती सलामीला येते. म्हणजे एकच मुलगी यष्टिरक्षणाचीही राखण आणि सलामीचीही. तीच दुखावली तर दोन रकाने एकदम कोरे.

म्हणून "शफाली की प्रतिका" हा वाद मला बिनकामाचा वाटतो. प्रतिकाने जागा कमावलीय. डिसेंबरात वडोदऱ्याला पदार्पण, जानेवारीत राजकोटला आयर्लंडविरुद्ध १५४. त्या डावात स्मृतीने १३५ केल्या, सलामीला २३३, आणि भारत ४३५. पाचशे धावा तिने आठ डावांत गाठल्या, महिला एकदिवसीयमध्ये एवढ्या लवकर कुणीच नाही. उलट शफालीचं एकदिवसीयमधलं शेवटचं अर्धशतक जुलै २०२२ चं आहे. झणझणीत, समोरची टीम घाबरते हे मान्य, पण सहाव्या षटकात ती तंबूत परतली की समोरच्यांची भीती पण जाते आणि आपली सलामी पण. स्मृतीबरोबर दुसऱ्या टोकाला उभी राहणारी लागते. प्रतिका ते करते. ठिपके, म्हणजे बिनधावेचे चेंडू, जास्त पडतात तिचे, मी मोजते ना, पण स्मृती निवांत खेळते तिच्यामुळे.

प्रश्न असा विचारा: तिसरी सलामीवीर म्हणून शफाली का नाही? घ्यायची तर कमी कुणाला करायचं? मी अरुंधतीला केलं असतं. घरच्या खेळपट्ट्या, ऑक्टोबरचा महिना, अमनजोत धरून चार मध्यमगती गोलंदाज कशाला? तिघी पुरे. अरुंधतीवर माझा राग नाही, मेहनती मुलगी आहे.

आणि एक. पहिल्या पाच फलंदाजांत भरवशाने दहा षटकं टाकणारी एकही नाही. हरमन स्वतः गोलंदाजी करायचं जवळपास विसरलीय, प्रतिका ऑफस्पिन टाकते पण कामचलाऊ. म्हणजे दीप्ती आणि अमनजोत धरून मोजून पाच गोलंदाज. एकीला मार बसला की कॅप्टनने बघायचं कुणाकडे? सहावी गोलंदाज हवी तर फलंदाज कमी करावी लागेल. ही यादी ऑक्टोबरात त्याच जागी अडेल असं मला वाटतं.

---

पार्कातला_म्हातारा | २३ ऑगस्ट, दुपारी ४.३०

वहीवालीबाई, हिशेब चोख आहे. दोन शब्द माझे.

राधाबद्दल. कांदिवलीची पोर, खेळते बडोद्याकडून. तिला नुसती डावरी फिरकी म्हणून मोजू नका. गेल्या ऑक्टोबरात अहमदाबादला न्यूझीलंडविरुद्ध तिने घेतलेले झेल परत काढून बघा. आपल्या संघाची फिल्डिंग हा जुना दुखरा भाग आहे, तिथे अशी एक मुलगी वीस धावा वाचवते. शिवाय काल बातमी आली की बेंगळुरूचे सामने नवी मुंबईला हलवलेत. डी. वाय. पाटीलचं मैदान तिच्या पायाखालचं.

दुसरं, हा संघ प्रशिक्षक अमोल मुझुमदारच्या हाताखाली आहे हे विसरू नका. १९८८ साली सचिन आणि विनोदने शारदाश्रमकडून ६६४ ची भागी केली तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो. पुढे रणजीत धावांचा डोंगर उभा केला आणि भारताची टोपी काही मिळाली नाही. बाकावर बसलेल्या पोरीशी काय बोलायचं ते त्याला पुस्तकात बघावं लागत नाही. वडिलांच्या त्या "पाणी न्यायला" वर हेही एक उत्तर आहे बघा.

अवांतर: शारदाश्रमच्या त्या मॅचला आपण आझाद मैदानावर होतो असं सांगणारे मला आजवर इतके भेटलेत की तेवढी माणसं आझाद मैदानात मावली नसती.

---

माधवनगर_फाटा | २३ ऑगस्ट, रात्री ८.५५

काका, वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मुझुमदारचं खरंय." पाण्याबद्दल काही बोलले नाहीत.

वहीवालीताई, पंधराच्या बाहेर सहा राखीवही जाहीर झाल्यात ना? तेजल हसबनीस आहे त्यात, आपली पुण्याची.

---

वहीवाली | २४ ऑगस्ट, सकाळी ६.५०

हो. तेजल, उमा चेत्री, मिन्नू मणी, प्रिया मिश्रा, प्रेमा रावत आणि मुंबईची सायली सातघरे. तेजल मधल्या फळीत खेळते, गेल्या वर्षी अहमदाबादला पदार्पण झालं तिचं. ती यादीत बघून बरं वाटलं, पण तिची पाळी यायची तर हरलीन किंवा जेमिमा पडायला हवी, आणि तसं मी म्हणणार नाही.

---

माधवनगर_फाटा | ५ सप्टेंबर, सकाळी १०.२०

यास्तिका गेली! विशाखापट्टणमच्या शिबिरात गुडघा दुखावला. उमा चेत्री आत.

---

वहीवाली | ५ सप्टेंबर, दुपारी १.३५

वाचलं. वाईट वाटलं. गुडघा म्हणजे महिन्यांची गोष्ट. उमाचं अभिनंदन, आसाममधून विश्वचषकाच्या संघात जाणारी पहिली. पण तिच्या येण्याने रिचासमोरचा रकाना भरला. सलामीचा कोराच आहे.

---

झणझणीत | १३ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

ऑस्ट्रेलियासमोर ३३० करून हरलो. तीनशे तीस!! हीलीने १४२ कुटल्या आणि हरमन नुसती इकडेतिकडे बघतेय की आता बॉल कुणाला देऊ. त्याआधी दक्षिण आफ्रिकेला ५ बाद ८१ वरून सोडलं, डी क्लर्कने धुतलं. वहीवाली, तुमचं ते सहाव्या गोलंदाजाचं बोलणं ऑगस्टातच कुणीतरी मुंबईला पाठवायला हवं होतं.

---

वहीवाली | २० ऑक्टोबर, सकाळी ८.४०

इंदूर, इंग्लंडविरुद्ध. काल सहावी गोलंदाज आणली एकदाची, रेणुकाला घेऊन. आणि बाहेर कोण बसली? जेमिमा.

मला राग आलाय, म्हणून सविस्तर लिहिते. रेणुकाला घेणं चूक नव्हतं. पण ज्या फलंदाजाला बसवायचं ती कुठल्या प्रसंगाची आहे हे बघायचं की नाही? २८९ चा पाठलाग. स्मृती ८८, हरमन ७०, दीप्ती ५०, सामना अगदी हातात. स्मृती गेल्यावर काय हवं होतं? एक-दोन, एक-दोन, अधूनमधून गॅपमधून चौकार. षटकाला सहा धावा अंगाला घाम न येता काढणारी बाई बाकावर बसलेली, आणि आपण मोठे फटके शोधत सहा बाद २८४ वर थांबलो. चार धावांनी हरलो. हरलीनला बसवता आलं असतं, क्रम थोडा हलवता आला असता. धावा किती झाल्या हे आकड्यात दिसतं, त्या कुठल्या षटकात झाल्या हे माझ्यासारखी कागदावर उतरवते तेव्हा दिसतं. जेमिमाच्या नावापुढे ठिपके कमी असतात. बास, एवढंच निवड समितीने आणि प्रशिक्षकांनी बघावं.

गुरुवारी न्यूझीलंड. तिला परत आणा आणि तीन नंबरला पाठवा.

---

पार्कातला_म्हातारा | २४ ऑक्टोबर, सकाळी ११.१०

आणली, तीनलाच पाठवली, नाबाद ७६. प्रतिका १२२, स्मृती १०९. डी. वाय. पाटीलला काल मजा आली. उपांत्य फेरी पक्की. लोकलमध्ये परत येताना बायकांच्या डब्यात जास्त आवाज होता, असं सूनबाई सांगतात.

---

माधवनगर_फाटा | २७ ऑक्टोबर, रात्री ९.३०

काल बांगलादेशविरुद्ध प्रतिकाचा घोटा गेला. ओल्या मैदानावर चौकार अडवायला धावताना पाय अडकला. नंतर स्मृतीबरोबर सलामीला अमनजोत आली तेव्हा मला तुमचं ते मागचं पान आठवलं. आणि आज बातमी: प्रतिका स्पर्धेबाहेर, शफाली आत.

पण ताई, शफाली तर त्या सहा राखीवांतही नव्हती! मग तिला घेता कसं येतं? आणि राखीव यादी काढायची तरी कशाला?

---

वहीवाली | २८ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

येतं. स्पर्धा सुरू झाल्यावर बदली हवी असेल तर दुखापतीचं कारण लागतं आणि आयसीसीच्या तांत्रिक समितीची परवानगी. राखीव यादी ही मंडळाची स्वतःची सोय. त्यातूनच घ्या असं बंधन नाही.

आणि त्यातून घेणार तरी कुणाला होते? उमा आधीच आत आलीय. उरल्या पाच: तेजल मधल्या फळीतली, प्रिया आणि प्रेमा लेगस्पिनर, मिन्नू ऑफस्पिनर, सायली मध्यमगती. सलामीची एकही नाही. पंधरात जे भोक होतं तेच सहात होतं. ऑगस्टात तिसरी सलामीवीर लिहिली असती तर आज शफालीला सूरतहून, हरियाणाकडून खेळत असलेली टी-ट्वेंटी स्पर्धा अर्धी टाकून, धावत यावं लागलं नसतं. वर्षभर एकही एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेली मुलगी परवा थेट ऑस्ट्रेलियासमोर उभी राहणार आहे.

तरी मी तिलाच घेतलं असतं. अशा वेळी पहिल्या दहा षटकांत वीस चेंडू खेळून तीस करणारी बरी, नव्या मुलीला उपांत्य सामन्यात सलामी शिकवत बसण्यापेक्षा. ऑफस्पिनही टाकते, पण त्यावर मी विसंबणार नाही. जेमिमा तीनलाच राहू दे. आणि काकांशी सहमत, राधाला अकरात ठेवा. बांगलादेशच्या तीन काढल्यात तिने परवा याच मैदानावर.