मेंदूचा टीबी: एकही गोळी चुकली नाही, तरी गाठ वाढली. कोणाला असा अनुभव आहे का?

नमस्कार. धाकट्या भावासाठी लिहिते आहे. वय २४, चाकणला कंपनीत शिफ्टला जायचा. गाव आमचं कराडजवळ.

जूनमध्ये त्याला संध्याकाळचा बारीक ताप यायला लागला. डोकं दुखायचं, खाल्लेलं उलटून पडायचं. जवळच्या दवाखान्यात टायफॉईड म्हणून सलाईन लावलं, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. तीन आठवडे असेच गेले. मग एका रात्री मी फोन केला तर तो मला ओळखेना. "कोण बोलतंय?" असं तीनदा विचारलं. खोलीवरची पोरं म्हणाली, त्याला एकाचे दोन दिसतात आणि मान पुढे वाकत नाही. त्याच रात्री पुण्यात मोठ्या रुग्णालयात नेलं.

पाठीतलं पाणी काढायला आईचा विरोध होता. त्यानं माणूस कमरेखाली लुळा पडतो, अशी आमच्याकडे समजूत आहे. सही मी केली. तसं काहीही झालं नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण रोग सापडला तो त्याच तपासणीत. पाण्यात साखर कमी, प्रोटीन खूप, पेशी वाढलेल्या आणि सीबीनॅट या जंतू शोधणाऱ्या तपासणीत टीबीचा जंतू. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्या जंतूवर चालतं हेही तिथेच कळलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी सूज आणि डाव्या बाजूला ६ मिलिमीटरची गाठ.

टीबीची चार औषधं आणि स्टेरॉइड सुरू झालं. पंधरा दिवसांत माणसं ओळखायला लागला. ऑगस्टमध्ये घरी आणला, भाकरी मागून खायला लागला. गोळ्या मी स्वतः उपाशीपोटी देते, रोज कॅलेंडरवर खूण करते. एकही दिवस चुकलेला नाही. स्टेरॉइड हळूहळू कमी करत सप्टेंबरमध्ये बंद झालं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा उजवा हात झटके द्यायला लागला. दोन मिनिटंच, पण आमचा जीव गेला. पुन्हा एमआरआय केला तर गाठ १४ मिलिमीटर, भोवती सूज. डॉक्टर म्हणाले की औषधं चालू असताना असं होऊ शकतं, औषध हरलं असा अर्थ नाही. फिटची गोळी दिली, स्टेरॉइड पुन्हा सुरू केलं आणि टीबीच्या गोळ्या चालूच ठेवायला सांगितलं.

घरात मात्र अण्णा ऐकत नाहीत. "चार महिने पोराला औषधं कोंबली आणि गाठ दुपटीनं वाढली," एवढंच त्यांच्या डोक्यात आहे. काकांनी कुणा झाडपाल्यावाल्याचं नाव आणलंय, आणि त्याची अट अशी की आधी इंग्रजी गोळ्या बंद करा. मला फार भीती वाटते आहे. ज्यांच्या घरी हे घडलंय त्यांनी कृपया सांगा, गाठ पुढे कमी झाली का, किती दिवसांनी? आणि अण्णांना काय सांगू? आणखी एक, शेजारी त्याचं ताट वेगळं ठेवा म्हणतात. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, तरी ठेवावं लागतं का?

पानगळ:
ताई, माझ्या बायकोला हेच झालं होतं. तिची गाठ पाचव्या महिन्यात वाढली आणि बोलताना शब्द अडकायला लागले. स्टेरॉइड दुसऱ्यांदा दिलं ते फार सावकाश उतरवलं, चार महिने लागले. वर्षाच्या शेवटी एमआरआयमध्ये एक ठिपका उरला होता. टीबीच्या गोळ्या एकूण १८ महिने घेतल्या. आज ती शाळेत शिकवते. अण्णांना मी तिचे दोन्ही रिपोर्ट दाखवायला तयार आहे, व्यक्तिगत निरोप पाठवा.

सायंतारा:
मी सरकारी रुग्णालयात मेडिसिनला आहे. जंतू मरताना त्यांचे तुकडे सुटतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. त्या झगड्यात सूज येते आणि गाठ फुगते. स्टेरॉइड कमी किंवा बंद केल्यावर हे दिसणं नवीन नाही. गोळ्या मध्येच सोडल्या तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात, शिवाय औषधांना दाद न देणारे तयार होऊ शकतात. हे अण्णांना स्पष्ट सांगा.

पण असं निदान करण्याआधी औषध पुरेसं पोचतंय ना, हे बघावं लागतं. भावाचं वजन किती? गोळ्या किती? सरकारी एकत्रित गोळ्या वजनावर ठरतात: ३५ ते ४९ किलोला ३, ५० ते ६४ किलोला ४. स्टेरॉइडनं भूक वाढते, वजन चढतं आणि औषधांच्या कार्डावर जुनाच आकडा राहून जातो. स्वतःहून गोळी वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा. गोळ्यांमुळे लाल-हिरवा रंग ओळखताना गोंधळ होऊ लागला किंवा डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी जा. ताट वेगळं नको. टीबी ताटा-भांड्यांतून पसरत नाही. तो फुप्फुसाच्या रुग्णाच्या खोकल्यातून हवेवाटे पसरतो.

धागाकर्ती:
सायंतारा, तुमचं वाचून लगेच वजन केलं. रुग्णालयात भरती केला तेव्हा ४६ होता, आज ५३. कार्डावर अजून ३ गोळ्याच! काल रुग्णालयात दाखवलं, डॉक्टरांनी तपासून ४ केल्या आणि लिव्हरची तपासणीही करून घेतली. तुम्ही विचारलं नसतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं.

पानगळ, तुम्ही पाठवलेले रिपोर्ट अण्णांनी खिडकीपाशी उजेडात धरून दोनदा पाहिले. काही बोलले नाहीत. पण आज सकाळी गोळ्यांची वेळ झाली तेव्हा पाण्याचा तांब्या त्यांनीच आणून ठेवला. ताटही आता सगळ्यांबरोबर.

अजून एक विचारायचंय. स्टेरॉइड परत सुरू झाल्यापासून त्याची झोप उडाली आहे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागा असतो आणि चिडतो. वहिनींना असं व्हायचं का? स्टेरॉइडची गोळी आम्ही संध्याकाळी देतो. सकाळी दिली तर चालेल का, हे उद्या डॉक्टरांना विचारणार आहे, पण तुम्ही काय केलंत तेही सांगा.